सेलेबल, लोडिंग, कम्प्लिशन: नाशकात फ्लॅट बघायला निघण्याआधी ही भाषा शिकून घ्या

मागच्या दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आमचा एकही रविवार घरात गेला नाही. सकाळी मिसळ खायची आणि साइट बघायला निघायचं, कधी पाथर्डी फाटा, कधी म्हसरूळ, कधी जेल रोड. पहिल्याच रविवारी साइट ऑफिसमधला पोरगा एका दमात म्हणाला, "ताई, टू बीएचके, हजार पन्नास सेलेबल, थ्री साइड ओपन, ड्राय बाल्कनी, अलॉटेड पार्किंग, कम्प्लिशन दोन महिन्यात, ऑल इन्क्लुझिव्ह पॅकेज करून देतो," आणि मी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत बसले. अर्धं डोक्यावरून गेलं होतं पण विचारायची लाज वाटली. आता माझी नणंद फ्लॅट बघतेय आणि दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो, वहिनी हे म्हणजे काय गं, ते म्हणजे काय गं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, ज्याला लागेल त्याने वाचा.

सगळ्यात आधी एरिया, कारण पैसे तिथेच जातात. कार्पेट म्हणजे घरात गालिचा अंथरता येईल एवढी जागा, हे जुनं सोपं उत्तर. रेराच्या कायद्यात (बिल्डरांवर वचक ठेवणारा, २०१६ चा) त्याची नीट व्याख्या आहे: फ्लॅटच्या आतली वापरायची जागा, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप जातात ती पोकळी) आणि तुमची स्वतःची बाल्कनी-टेरेस सोडून. आतल्या भिंती धरून हे लक्षात ठेवा, नाहीतर खोल्या मोजून बेरीज केली की कार्पेटपेक्षा कमी भरते आणि आपल्याला वाटतं फसवलं. बिल्टअप म्हणजे त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मिळवायची. आणि सेलेबल किंवा सुपर बिल्टअप म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाउस, सगळ्यातला तुमचा वाटा मिळवून बिल्डरने काढलेला आकडा. या सेलेबलची रेरात व्याख्याच नाही, त्यामुळे ज्याचा त्याचा सेलेबल वेगळा. कार्पेट आणि सेलेबलमधला जो फुगवटा त्याला लोडिंग म्हणतात.

आता आमच्या वहीतलं खरं उदाहरण सांगते. एका ठिकाणी १०५० फूट सेलेबल, रेट फुटाला ४,४०० म्हणजे ४६ लाख २० हजार. दुसरीकडे ९८० सेलेबल, रेट ४,६५०, म्हणजे ४५ लाख ५७ हजार. नवऱ्याचं म्हणणं पहिला घेऊ, रेट कमी आहे आणि फ्लॅट पण मोठा. कार्पेट विचारलं तर पहिल्याचं ७०० आणि दुसऱ्याचं ७२०! म्हणजे "मोठा" फ्लॅट आतून लहान होता. कार्पेटने भागलं तर पहिला पडतो ६,६०० रुपये फुटाला आणि दुसरा साधारण ६,३३०. तेव्हापासून आमचा नियम, कोणी काहीही रेट सांगो, एकूण रक्कम भागिले रेरा कार्पेट, हा एकच आकडा वहीत लिहायचा आणि त्यावरच तुलना करायची.

पहिल्या ठिकाणी मी लोडिंग विचारलं तर पोरगा म्हणाला ३८ टक्के. घरी येऊन हिशोब केला तर ७०० चं १०५० म्हणजे सरळ ५० टक्के होतात. परत फोन केला तेव्हा कळलं, त्याने बाल्कनी आणि ड्राय बाल्कनीचे ६० फूट कार्पेटमध्ये मिळवून ७६० धरले होते आणि त्यावर ३८. तसं बघितलं तर तो खोटं बोलला नाही. म्हणून लोडिंग किती टक्के हे विचारूच नका, "रेरा कार्पेट किती आणि बाल्कनी वेगळी किती" एवढं विचारा आणि लिहून मागा. अ‍ॅग्रीमेंटमध्ये आकडे चौरस मीटरमध्ये असतात, त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट येतात. ६५.०३ चौरस मीटर दिसलं की समजायचं आपले ७०० फूट.

ड्राय बाल्कनी म्हणजे किचनच्या मागची ती चिंचोळी जागा, वॉशिंग मशीन आणि भांडी घासायला. कोरडी का म्हणतात देवाला ठाऊक, सगळ्यात ओली जागा तीच असते. तिथे फक्त दोन गोष्टी बघायच्या, नळ-ड्रेनेज-प्लग तिन्ही आहेत का आणि दार कुठल्या बाजूला उघडतं. एका फ्लॅटमध्ये दार आतल्या बाजूला उघडत होतं आणि मशीन ठेवल्यावर ते अर्धंच उघडलं असतं, म्हणजे मी आडवी होऊन आत शिरायचं आणि तशीच बाहेर यायचं. सिटआउट, पॉकेट टेरेस, अटॅच्ड टेरेस ही त्याचीच श्रीमंत भावंडं. टेरेसचे पैसे काही जण अर्ध्या एरियाने लावतात, काही जण पूर्ण, ते आधी विचारा. आणि "टेरेस नंतर पॅक करून घ्या, बेडरूम मोठी होते" असं कोणी सांगितलं तर हसून पुढे चला, का ते खाली कपाटाच्या गोष्टीत येईल.

टू बीएचके, वन आरके सगळ्यांना माहितीये. अडीच बीएचके म्हणजे अर्धी खोली, जिथे सिंगल बेड टाकला तर टेबल बसत नाही आणि टेबल टाकलं तर बेड. जंबो म्हणजे त्याच बिल्डिंगमधल्या बाकीच्यांपेक्षा मोठा, त्याला काही माप नाही. कॉम्पॅक्ट म्हणजे लहान.

सॅम्पल फ्लॅटबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तिथे माणूस भाळतो. गंगापूर रोडच्या बाजूला एक सॅम्पल फ्लॅट इतका सुंदर होता की सासूबाईंनी देवघराची जागा पण ठरवून टाकली. मी पर्समधून टेप काढली तर बेडची लांबी भरली साडेपाच फूट, आमचे हे सहा फूट! खोल्यांना दारंच लावलेली नव्हती त्यामुळे सगळं मोकळं मोकळं वाटत होतं, कपाट होतं ते पण जेमतेम फूटभर खोल, त्यात हँगर आडवा बसत नाही. बेडरूम दहा बाय अकरा सांगितली की ताबडतोब मनात वजाबाकी करायची: दहा फुटातून बेडचे साडेसहा, कपाटाचे दोन, उरलं दीड फूट, त्यात कपाटाचं दार उघडा बघू. शिवाय ब्रोशरमधलं माप कुठलं तेही विचारायचं, विटेपासून विटेपर्यंतचं की प्लास्टर झाल्यावरचं. तर पाच मीटरची टेप, ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पर्समध्ये कायम ठेवा. टेप काढली की साइट ऑफिसमधल्यांची भाषा आपोआप बदलते हे मी स्वतः बघितलंय.

थ्री साइड ओपन म्हणजे तीन बाजूंना तुमच्या फ्लॅटला दुसरा फ्लॅट चिकटलेला नाही, एवढंच. त्या तीन बाजूंना वारा आणि उजेड आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. एक बाजू डक्टची असू शकते, दुसरीकडे शेजारच्या बिल्डिंगची खिडकी इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. व्ह्यूचं पण तेच, पाथर्डी फाट्याला आम्हाला पांडवलेणी व्ह्यू दाखवला, खरंच छान दिसत होतं, पण मधला प्लॉट मोकळा होता आणि तो काय जन्मभर मोकळा राहणार आहे का. समोरचा प्लॉट कोणाचा, त्यावर काय होणार, हे विचारून या.

रिव्हर व्ह्यू ऐकलं की मात्र नाशिककराने कान टवकारायला पाहिजेत. पाऊस वाढला की आपण सगळे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो ना, २००८, २०१६, २०१९ चे पूर आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलेत. तर नदीकाठी दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नदीकडे नवीन बांधकामावर कडक बंधनं, निळ्या आणि लालच्या मध्ये अटी घालून परवानगी. फक्त गोदावरीच नाही, नासर्डीच्या काठी पण हे विचारा. "ताई पाणी इथपर्यंत कधीच येत नाही" हे उत्तर धरू नका, मंजूर नकाशावर पूररेषा कुठे दाखवलीये ते बघा, आणि जवळच्या एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारा, तो हाताने दाखवतो कुठपर्यंत आलं होतं ते.

लोकेशनचे शब्द तर काय विचारूच नका. गंगापूर रोड हा रस्ता किती लांब आहे आपल्याला माहितीये, अशोक स्तंभापासून निघतो आणि पार गावाबाहेर जातो, पण जाहिरातीत सगळंच "गंगापूर रोड". टच म्हणजे रस्त्याला लागून, लगत म्हणजे आत, परिसर म्हणजे रिक्षा करावी लागेल. "कॉलेज रोड १० मिनिटं" हे रात्री साडेअकराला, सिग्नल बंद असताना. डीपी रोड टच असं लिहिलं असेल तर डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यात आखलेला रस्ता, तो जमिनीवर झालाय असं नाही. आम्ही गेलो त्या एका ठिकाणी डीपी रोडवर टोमॅटो लावले होते. समृद्धी महामार्गाचं नाव सांगून पण रेट वाढवतात, तो सिन्नर आणि इगतपुरीकडून जातो, शहरातून नाही. निओ मेट्रोचं तेच, २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाव आलं तेव्हापासून प्रत्येक साइट भावी स्टेशनजवळ. आणि आता २०२७ च्या कुंभमेळ्याचं, कुंभानंतर रेट डबल. होतील तेव्हा होतील, तुम्ही आज तिथे राहायला गेलात तर दूध कुठे मिळतं आणि रात्री रिक्षा येते का ते बघा.

पार्किंग. कव्हर्ड पार्किंग म्हणजे डोक्यावर छप्पर, स्टिल्ट म्हणजे बिल्डिंगच्या खांबांमधली जागा, पोडियम म्हणजे वर स्लॅब टाकून केलेला मजला, स्टॅक म्हणजे एकावर एक गाडी, खालच्याने काढली तरच तुमची निघणार, मग सकाळी आठला शेजाऱ्याची बेल वाजवत बसा. ओपन पार्किंग बिल्डर विकू शकत नाही, ती सगळ्यांची कॉमन जागा असते, त्याचे वेगळे पैसे मागितले तर तिथेच विचारा की पावती कशाची देणार. "अलॉटेड" या शब्दावर समाधान मानू नका, नंबर आणि माप अ‍ॅग्रीमेंटमध्ये आणि प्लॅनवर पाहिजे, नाहीतर खांबाला चिकटून अशी जागा मिळते की स्कूटर लागते आणि गाडीचं दार उघडत नाही.

आता कम्प्लिशन. आपल्याकडे सगळे कम्प्लिशनच म्हणतात, कागदावर पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा प्रमाणपत्र असतं, म्हणजे महापालिका म्हणते बिल्डिंग मंजूर नकाशाप्रमाणे झालीये, राहायला जा. रेडी पझेशन या शब्दाचा कम्प्लिशनशी काही संबंध नाही, किल्ली तयार आहे एवढाच त्याचा अर्थ. फिटआउट पझेशन तर त्याहून पुढे, फर्निचर करायला किल्ली देतो, कम्प्लिशन येईल तेव्हा येईल. नाशकात हे हलक्यात घेऊ नये कारण आपल्याकडे कपाटाचं रामायण होऊन गेलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कपाटासाठी म्हणून भिंतीत जी जागा सोडायची ती एफएसआयमध्ये (म्हणजे मंजूर बांधकामाच्या हिशोबात) धरली जात नव्हती, ती खोलीत ओढून खोल्या मोठ्या केल्या गेल्या, आणि २०१५ च्या आसपास महापालिकेने हात आखडल्यावर शहरात हजारो फ्लॅटचे दाखले अडकले. लोक राहायला गेलेले, हप्ते चालू, आणि कागद नाही. आमच्या ओळखीतल्या एकांना मुलीच्या लग्नासाठी फ्लॅट विकायचा होता, गिऱ्हाईक आलं, पण गिऱ्हाइकाच्या बँकेने दाखला मागितला आणि व्यवहार तिथेच बसला. म्हणून टेरेस पॅक करायच्या सल्ल्यावर हसायला सांगितलं. रिसेलमध्ये घेत असाल तर पहिला प्रश्न कम्प्लिशनची कॉपी, टाइल्सचं कौतुक त्यानंतर.

एफएसआय पण याच्यातच सांगून टाकते, प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा. टीडीआर म्हणजे दुसऱ्या कोणाला त्याच्या रस्त्याला वगैरे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क, बिल्डर तो विकत घेऊन मजले वाढवतो. त्यात गैर काही नाही, फक्त "वरचे दोन मजले टीडीआर आल्यावर मंजूर होतील" असं कळलं आणि तुमचा फ्लॅट नेमका त्या दोन मजल्यांत असेल तर मंजुरी आल्यावरच पैसे.

रेरा नंबर बघायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. नाशिक जिल्ह्यात आधी नोंदलेल्या प्रोजेक्टचा नंबर पी ५१६ ने सुरू होतो, जाहिरातीवर क्यूआर कोड असतो तो स्कॅन करा. त्यात मंजूर नकाशा, पझेशनची कबूल केलेली तारीख, जमिनीवर कर्ज आहे का, कोर्टात केस आहे का, सगळं असतं. तोंडी दिवाळीला पझेशन सांगतात आणि रेरावर दीड वर्षानंतरची तारीख असते, खरी ती. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट नसतील तर नोंदणी लागत नाही, आपल्याकडे कॉलन्यांमध्ये अशा छोट्या बिल्डिंग भरपूर आहेत, तिथे वकिलाकडून सर्च रिपोर्ट (जमिनीची मालकी तपासल्याचा कागद) काढणं आणखी गरजेचं. प्रीलॉन्च, सॉफ्ट लॉन्च, फ्रेंड्स अँड फॅमिली ऑफर हे सगळे शब्द बहुतेक वेळा एकच सांगतात, नंबर अजून आलेला नाही. आणि नंबर नसताना रेराखाली येणारा प्रोजेक्ट विकताच येत नाही. विसार देताना एक लक्षात ठेवा, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही.

पॅकेज म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात मोठा भांडणाचा विषय. ऑल इन्क्लुझिव्हमध्ये काय काय, ते कागदावर लिहून घ्या: स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, जीएसटी, लाइट मीटरचे, लीगल, इन्फ्रा, मेंटेनन्स डिपॉझिट, पार्किंग. आपण अजूनही एमएसईबी चार्जेस म्हणतो, ते महावितरणचे. फ्लोअर राइज म्हणजे मजला चढला की रेट चढतो, पीएलसी म्हणजे गार्डनसमोरचा किंवा कोपऱ्यातला म्हणून जादा. जीएसटीची गंमत बघा, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के, पण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर अफोर्डेबल म्हणून १ टक्का. म्हणूनच जाहिरातीत ४४ लाख ९० हजार इतके दिसतात! पण त्या ४५ मध्ये पार्किंग, पीएलसी, डेव्हलपमेंट चार्जेस सगळं धरायचं असतं. ४४.९० वर दोन लाखांचं पार्किंग आलं की १ चे ५ टक्के झाले, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या जागी दोन लाख चौतीस हजार पाचशे. कम्प्लिशन मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाहीच. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट, हे मी नवऱ्याला मोठ्या आनंदाने वाचून दाखवलं. पन्नास लाख किंवा वर गेलं की विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, आपणच कापून भरायचा असतो, ते बरेच जण विसरतात आणि मग नोटीस येते.

"थोडं कॅशमध्ये करून घेऊ, तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचेल" यावर मी एवढंच म्हणेन की कॅश दिलेली रक्कम अ‍ॅग्रीमेंटमध्ये नसते, उद्या व्यवहार मोडला तर ती मागायची कशाच्या जोरावर.

शेवटचा एक शब्द आपल्याकडचा खास. बिल्डिंग "अपार्टमेंट" आहे की "सोसायटी", हा नावाचा प्रश्न नाही. सोसायटीत जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होते, त्याला कन्व्हेयन्स म्हणतात, तुम्हाला शेअर सर्टिफिकेट मिळतं. अपार्टमेंटमध्ये, १९७० च्या कायद्याप्रमाणे, बिल्डिंग त्या कायद्याखाली आणल्याचं डिक्लरेशन होऊन प्रत्येकाच्या नावाने अपार्टमेंट डीड होतं आणि जमिनीतला तुमचा टक्का त्यात लिहिलेला असतो. दोन्ही चालतं. जुनी बिल्डिंग असेल तर यातलं काय झालंय आणि काय राहिलंय ते विचारा, कारण अशा ठिकाणी अनेकदा दोन्हीही झालेलं नसतं, पाटीवर मात्र अपार्टमेंट लिहिलेलं असतं.

नणंदेला काल इंदिरानगरला कोणीतरी "कॉम्पॅक्ट जंबो" दाखवणार होतं. माझी टेप घेऊन गेलीये, अजून परत आणलेली नाही.